१०,००,००,००१ ही मूळ संख्या आहे का? भागाकार न करता ओळखता येईल का?

नाही, मूळ नाही. १७ ने नि:शेष भाग जातो, उत्तर ५८,८२,३५३. भागाकार टाळायचा हट्ट मात्र सोडा. त्याच हट्टापायी नववीत अख्ख्या वर्गासमोर माझं हसं झालंय.

आमच्या गणिताच्या सरांचा युक्तिवाद असा: १० चा सहावा घात अधिक १ घेतला तर घनांच्या बेरजेचं सूत्र लागतं आणि १०१ बाहेर पडतो. आपली संख्या म्हणजे १० चा आठवा घात अधिक १. आठव्या घाताला तसं कुठलंच सूत्र लागत नाही, कारण ८ ला १ सोडून विषम अवयवच नाही. म्हणून दहा कोटी एक मूळ! फळ्यावर लिहून खाली दोन रेघाही ओढल्या. मी तोवर वहीच्या शेवटच्या पानावर उगाच भाग देत बसले होते. ७, ११, १३ झाले, मग १७. शंभराला ५, बाकी १५. दीडशेला ८, बाकी १४. एकशे चाळीसला ८, बाकी ४. पुढे बाकी ६, मग ९, मग ५, आणि शेवटचा १ खाली घेतला तर ५१. सतरा त्रिक एकावन्न! हात वर केला. सर वहीकडे न बघताच म्हणाले, "एखादं शून्य खाल्लं असशील." वर्ग खिदळला. मी खाली बसून शून्यं मोजली. सातच्या सात होती.

सूत्र लागलं नाही म्हणजे अवयव नाहीत, हे कुणी ठरवलं? अशाच संख्यांवर खुद्द फर्मा हा थोर फ्रेंच गणितज्ञही फसला होता. २ चा बत्तिसावा घात अधिक १, म्हणजे ४,२९,४९,६७,२९७, त्याने मूळ धरली होती. १७३२ मध्ये ऑयलर या गणितज्ञाने तिला ६४१ ने भाग जातो हे दाखवलं. तेव्हा सरांना संगत तशी थोरांची होती, पण वही बघायला काय जात होतं?

तुमच्या प्रश्नाचं म्हणाल, तर या संख्येच्या वर्गमुळापर्यंतच्या, म्हणजे १०,००० च्या आतल्या, सगळ्या १,२२९ मूळ संख्यांनी भागत बसायची गरज नाही. या संख्येचा प्रत्येक मूळ विभाजक १६ च्या पटीहून १ ने जास्तच असतो: १७, ९७, ११३, १९३... म्हणजे ७, ११, १३ वर मी घालवलेला वेळ फुकटच. हे असं का, ते फर्माच्याच छोट्या प्रमेयातून निघतं (p मूळ असेल आणि a ला p ने भाग जात नसेल, तर a च्या p−१ व्या घाताला p ने भागून बाकी १ उरते), कागदावर करून बघा.

हो, आणि ही १६ ची युक्ती दिसेल त्या मोठ्या संख्येला लावू नका. एखाद्या सम संख्येच्या आठव्या घातात १ मिळवला असेल तरच ती चालते. ५८,८२,३५३ ला मात्र आणखी अवयव पडत नाहीत. सरांना फळ्यावर मूळ संख्याच लिहायची होती, तर ही होती की.