छोट्या घराचं बिल जवळजवळ दुप्पट झालं, हे कायदेशीर आहे का?

प्रश्न : मुंबई उपनगरात आमची २४ घरांची सहकारी गृहनिर्माण सोसायटी आहे. निम्मी घरं ४२० चौरस फूट चटई क्षेत्राची, निम्मी ११५० ची. मेंटेनन्स महिन्याला चौरस फुटामागे ३ रुपये होता; मला १,२६० रुपये यायचे, मोठ्या घरांना ३,४५०. गेल्या सर्वसाधारण सभेत मोठ्या घरवाल्यांनी 'कायदाच आहे' म्हणून ठराव करून घेतला. आता सगळ्यांना सरसकट २,३५५. मी तळमजल्यावर एकटी राहते, लिफ्टमध्ये पाऊलही टाकत नाही. मागच्या पाच वर्षांचा फरक छोट्या घरांकडून वसूल करायचा, अशीही कुजबुज आहे. मी जुन्या दरानेच पैसे भरते. माझं काही चुकतंय का?

उत्तर : जुन्या दराने पैसे भरताय, तेवढं चुकतंय. पण नवं बिलही बरोबर नाही, आणि तुमची खरी तक्रार तिथे आहे.

आधी कडू भाग. सेवा शुल्क सर्व सदनिकांमध्ये समान वाटायचं, असा शासनाचा आदेश २९ एप्रिल २००० पासून आहे. तो सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९-अ खाली काढलेला असल्यामुळे सर्वसाधारण सभेला बहुमताने तो बाजूला सारता येत नाही. वरळीच्या व्हीनस सोसायटीच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानेही हेच उचलून धरलं. मोठ्या घराला वॉचमन जास्त मिळत नाही, जिन्यातला दिवा जास्त उजेड देत नाही, मग पैसे जास्त का? ज्याचं घर मोठं त्याची ऐपत मोठी, हे तुमच्या मनातलं गणित मला समजतं. पण ऐपत बघून आकारणी करण्याचा अधिकार सोसायटीला नाही. म्हणजे तुमचा जुना दर, निदान सेवा शुल्कापुरता, नियमाला धरून नव्हताच.

आता गोम. 'समान' हा नियम सेवा शुल्काला आहे, अख्ख्या बिलाला नाही. सेवा शुल्कात येतं काय? वॉचमन, सफाई, माळी यांचे पगार, सामाईक वीज, ऑडिट फी, छपाई-टपाल, सभांचा खर्च. बाकीच्या बाबींना आदर्श उपविधींत, म्हणजे सहकार खात्याने सोसायट्यांसाठी दिलेल्या नमुना नियमावलीत, वेगवेगळी मापं दिली आहेत. पाण्याचा खर्च तुमच्या घरातल्या नळजोडण्यांची संख्या आणि आकार बघून. विमा क्षेत्रफळाप्रमाणे. दुरुस्ती निधी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड (पुढे लागणाऱ्या मोठ्या दुरुस्ती-पुनर्बांधणीसाठी साठवायचा निधी) किमान ०.२५ टक्के, जमिनीची किंमत वगळून. मालमत्ता कर महापालिका ज्या घराला जेवढा लावेल तेवढा.

याचा परिणाम बघा. समजा तुमच्या घराचा बांधकाम खर्च ६ लाख धरला आणि मोठ्या घराचा १५ लाख. दोन्ही निधी मिळून १ टक्का, म्हणजे तुमचे महिन्याला ५०० रुपये, त्यांचे १,२५०. सरसकट बिलात हे दोन आकडे एक होतात आणि त्यांच्या निधीचा काही भाग तुम्ही भरता. मालमत्ता कराचं तर त्याहून वाईट. मुंबई महापालिकेच्या हद्दीत ५०० चौरस फुटांपर्यंत चटई क्षेत्राच्या निवासी घरांना हा कर १ जानेवारी २०२२ पासून माफ आहे. तुमचं घर त्यात बसतं. त्या २,३५५ मध्ये कर मिसळलेला असेल, तर ज्या करातून शासनाने तुम्हाला सोडलं, तो तुम्ही शेजाऱ्यांसाठी भरताय! मोठ्या घरवाल्यांनी कायदा दाखवला खरा, पण सोयीचं पान तेवढंच.

लिफ्टचा मुद्दा मात्र सोडून द्या. वापरा अथवा वापरू नका, ती ज्या इमारतीत आहे तिथल्या सर्वांनी सारखा खर्च द्यायचा, असं उपविधीच सांगतो.

हे सगळं तुमच्याकडे शेअर सर्टिफिकेट आहे असं गृहीत धरून लिहिलंय. त्याऐवजी 'डीड ऑफ अपार्टमेंट' (घराच्या थेट मालकीचा दस्त) असेल, तर लोक बोलताना सोसायटी म्हणत असले तरी ती १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखालची असोसिएशन असते. तिथे सामाईक खर्च इमारतीच्या घोषणापत्रात प्रत्येक घराला दिलेल्या सामाईक जागेतल्या अविभक्त हिश्श्याच्या टक्केवारीने वाटतात, म्हणजे मोठ्या घराला जास्त. तसं निघालं तर मला पुन्हा लिहा, कारण मग उत्तर जवळपास उलटं होईल.

तूर्तास पैसे अडवू नका. थकबाकीवर उपविधींप्रमाणे २१ टक्क्यांपर्यंत सरळ व्याज लागू शकतं, आणि एकदा थकबाकीदार ठरलात की समितीवर निवडून येण्याचा मार्गही बंद होतो. पूर्ण रक्कम चेकने किंवा ऑनलाइन भरा आणि त्याच दिवशी सचिवांना पत्र द्या : 'रक्कम हरकत राखून भरली आहे, बिल बाबनिहाय फोडून द्यावं, नळजोडण्या, बांधकाम खर्च आणि मालमत्ता कर यांची आकारणी कशी केली ते कळवावं.' पत्राच्या प्रतीवर पोच घ्या, शिक्क्यासह. सोबत सोसायटीच्या नोंदणीकृत उपविधींची प्रत मागा. आदर्श उपविधी आणि तुमचे उपविधी शब्दशः सारखे असतीलच असं नाही.

उत्तर आलं नाही किंवा उडवाउडवीचं आलं, तर जादा वसुलीचा वाद सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ९१ खाली सहकार न्यायालयात जातो. माझा अनुभव असा की बाबनिहाय बिल लेखी मागितलं की निम्म्या समित्या कागद काढून बसतात आणि न्यायालयाची पायरी चढावी लागत नाही. इतर छोट्या घरवाल्यांच्या सह्या त्याच पत्रावर घ्या. सभेला न येणाऱ्यांच्याही.

राहिला पाच वर्षांचा फरक. जुनी आकारणी सोसायटीने केली, तुम्ही नाही. कोणाला आपले पैसे जादा गेले असं वाटत असेल, तर त्याने सोसायटीविरुद्ध दाद मागावी. समितीने परस्पर तुमच्या बिलात 'मागील फरक' अशी ओळ घातली, तर फक्त तेवढी रक्कम भरू नका आणि ती का भरली नाही हे आठवड्याच्या आत लेखी कळवा.