बसऱ्याच्या आबांचं पान

चिमणे,

परवा रात्री भांडी लावताना तू जे विचारलंस त्याला मी "उशीर झालाय, झोप आता" म्हटलं, ते काही उत्तर नव्हतं. तू विचारलंस, शेजारच्या मेद्झमामाच्या आईचे तीन भाऊ कोणत्या दिवशी गेले हे जर कोणालाच माहीत नाही, तर आपण ठेवतो तसं त्यांचं पान कधी ठेवायचं? मी तेव्हा सिंककडे तोंड करून उभी होते ते बरं झालं.

आधी दुसरं सांगून टाकते, ते मनात राहिलंय. शाळेने बाहेरच्या देशातून आलेल्या एका बाईच्या घराण्याची गोष्ट लिहायला सांगितली आणि तू शेजारच्या मेद्झमामाकडे गेलीस. मी सहज म्हटलं, मीपण बाहेरूनच आलेय की. तर तू म्हणालीस, "तुझी काय गोष्ट, तू विमानाने आलीस." वाईट वाटलं मला. पण तू लिहिलेलं वाचलं आणि वाटलं, हिचं चुकलं नाही, आपण हिला काही सांगितलंच नाहीये.

तुझी वही मी दोनदा वाचली. मेद्झमामा म्हणजे आर्मेनियन लोकांत आजी हेही मला तुझ्यामुळेच कळलं, मी इतकी वर्षं ते तिचं नावच समजत होते. तिची आई मराशची, आताच्या तुर्कस्तानातली. १९१५ ला तेव्हाच्या तुर्की सरकारने तिथल्या आर्मेनियन लोकांना घरातून काढून सीरियाच्या वाळवंटाकडे चालवत नेलं तेव्हा ती सहा वर्षांची, आणि त्या वाटेवर तिचे वडील आणि तिन्ही भाऊ हरवले, सगळ्यात धाकटा चार वर्षांचा. मायलेकी कशाबशा हलबला, म्हणजे अलेप्पोला, जगल्या, युद्ध संपल्यावर १९१९ ला परत मराशला आल्या, आपलं घर आपल्याला मिळेल म्हणून. आणि १९२० च्या फेब्रुवारीत युद्धानंतर तिथे आलेलं फ्रेंच सैन्य रातोरात तिथून निघालं तशी हजारो आर्मेनियन माणसं त्यांच्या मागोमाग बर्फातून इस्लाहियेकडे चालत सुटली. त्या बर्फात तिची आईपण गेली. अकरा वर्षांची पोर, मग लेबनॉनमधला अमेरिकन लोकांचा अनाथाश्रम, मग बैरूतला नदीकाठच्या दलदलीत वसवलेलं बुर्ज हम्मूद. तिथे त्यांनी आपल्या वस्तीला नाव दिलं नोर मराश, म्हणजे नवं मराश. शेजारी नोर अदाना, नोर सिस. हे वाचून मला आपल्याकडची धरणात गेलेली गावं आठवली, माळावर पत्र्याची घरं उभी राहायच्या आधी जुन्या नावाची पाटी लागते तिथे. मेद्झमामा त्या नोर मराशमध्ये जन्मली, आणि १९७६ ला, लेबनॉनमध्ये यादवी पेटल्यावर, दोन पोरं घेऊन इकडे कॅलिफोर्नियात ग्लेंडेलला आली. बाई, तीन पिढ्यांत तीन वेळा घर सोडलं त्यांनी.

आणि तो रुमाल! तू फोटो चिकटवलायस, तिच्या आईने भरलेला, गडद लाल कापडावर पिवळ्या दोऱ्याचे एकात एक गुंतलेले क्रॉस. तो पाहून मी मेद्झमामाचं दार वाजवलं, तुला माहीत नाही हे. कारण तो टाका मला येतो. माझ्या आईने शिवणक्लासमध्ये शिकून मला शिकवलेला, आपण त्याला सिंधी टाका म्हणतो. आधी कापडावर तिरक्या टाक्यांचा सांगाडा घालायचा आणि मग सुई कापडात न घालता नुसती त्या दोऱ्यांच्या खालून-वरून नेत वीण घालायची, एक दोरा चुकला तर अख्खा क्रॉस उसवावा लागतो. मेद्झमामा म्हणाली, ही मराशची कला, आई हे भरून विकायची. मी तिच्यासमोर बसून एक क्रॉस घातला. तिने उलटा करून मागची बाजू बघितली, अगदी माझ्या आईसारखी, आणि काही न बोलता माझा हात धरून ठेवला.

तर आता पानाचं.

तुला आपल्या घरचं पान म्हणजे मी बाल्कनीत ठेवते ते माहीत आहे, आणि त्याची मला तुझ्यासमोर जरा लाजच वाटते, तू विचारशील कावळा म्हणजे आजोबा का म्हणून. खरं सांगते, मला तसं वाटत नाही. पण मी ते सोडूही शकत नाही आणि का ते सांगायचं तर आज्जीच्या परड्यात जावं लागेल.

आमच्याकडे याला म्हाळ म्हणतात. ज्या तिथीला माणूस गेलं त्या तिथीला पितृपक्षात त्याचा म्हाळ. आदल्या रात्री खपली गहू भिजत, पहाटेपासून आज्जी चुलीपाशी, गव्हाची खीर, वडे, गवारीची भाजी, आमटी, आणि पहिलं पान परड्यातल्या भिंतीवर. कावळा शिवेपर्यंत घरात कोणी जेवायचं नाही. आमच्या पोटात कावळे ओरडायचे आणि बाहेरचा यायचा नाही! शेवटच्या दिवशी, सर्वपित्री अमावस्येला, आज्जी एक पान जास्तीचं घ्यायची. ते बसऱ्याच्या आबांचं.

बसऱ्याचे आबा म्हणजे आज्जीच्या सासऱ्यांचे थोरले भाऊ. पहिल्या महायुद्धात पलटणीत भरती होऊन गेले, लग्नसुद्धा झालं नव्हतं. आमच्या सातारा भागातून आणि कोकणातून तेव्हा गावंच्या गावं भरती झाली होती, आणि इराककडे गेलेल्या प्रत्येकाला घरचे "बसऱ्याला गेला" म्हणायचे. पलटण ११७ नंबरची, हे घरात सगळ्यांना पाठ. बाकी काही नाही. ते परत आले नाहीत, कधी गेले ते कळलं नाही. आमच्या चावडीच्या भिंतीत संगमरवरी पाटी आहे, या गावातून इतके लढाईला गेले आणि त्यातल्या इतक्यांनी प्राण दिले. आकडे आहेत, नाव एकाचंही नाही. तिथी नाही म्हणून सर्वपित्री. तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे बघ, ज्यांची तिथी माहीत नाही त्या सगळ्यांसाठी आपल्याकडे तो एक दिवस ठेवलाय.

आज्जीने आबांना पाहिलंही नव्हतं, ती लग्न होऊन आली तेव्हा त्यांना जाऊन पंचवीसेक वर्षं झालेली. पण त्यांच्या पानाला कावळा शिवेना झाला की ती पदर खोचून परड्यात उभी राहायची आणि मोठ्यांदा म्हणायची, "आबा, तुमचा वाटा तसाच हाय, कुणी घेतला न्हाई. या आता." मी आठ-नऊ वर्षांची असेन, मला वाटायचं कोणीतरी खरंच बांधावरून येतंय.

तुझ्या वहीमुळे मी कधी नव्हे ते आबांच्या पलटणीचं वाचत बसले. ११७ वी मराठा पलटण इराकमध्ये कूत-अल-अमाराला तुर्कांच्या वेढ्यात सापडली होती. पाच महिने अन्नान्न दशा, २९ एप्रिल १९१६ ला शरणागती, आणि मग जे उरले त्यांना कैदी म्हणून बगदाद, मोसूल, आताच्या सीरियातल्या रास-अल-ऐनपर्यंत चालवत नेलं, तिथे रेल्वेच्या कामाला जुंपलं. वाटेत किती पडले. आणि रास-अल-ऐन, चिमणे, हे तेच ठिकाण जिथे आर्मेनियन लोकांचे तळ होते आणि त्याच वर्षी तिथे त्यांच्या कत्तली झाल्या. आपले आबा तिथवर पोचले असं मी म्हणत नाही, कूतमध्येच गेले असतील. मेद्झमामाच्या मामांना तिथे नेलं असंही नाही. पण ते नाव मी नकाशावर शोधलं आणि बराच वेळ स्क्रीन बंद केला नाही.

मी लग्नाआधी दोन वर्षं मुंबईत फोर्टला नोकरी करत होते, रोज मेडोज स्ट्रीटवरून जायचे, तिथे १७९६ चं आर्मेनियन चर्च आहे. एकदाही आत डोकावले नाही. आपल्याला विचारायचं सुचत नाही ते तुम्हा मुलांना सुचतं.

मेद्झमामाला मी विचारलं की तुमच्यात कसं करतात. ती म्हणाली २४ एप्रिल, तोच दिवस सगळ्यांचा, तुमच्या शाळेला सुट्टी असते तो. १९१५ ला त्या दिवशी इस्तंबूलमध्ये त्यांची लिहिणारी-बोलणारी माणसं पकडायला सुरुवात झाली. आधी चर्चमध्ये या सगळ्यांच्या आत्म्याला शांती मिळो अशी प्रार्थना व्हायची. पण २०१५ ला, शंभर वर्षं झाल्यावर, त्यांच्या चर्चने त्या सगळ्यांना संत जाहीर केलं, त्यामुळे आता त्यांच्यासाठी काही मागत नाहीत, त्यांच्याकडे मागतात. "माझा मामा चार वर्षांचा होता," ती म्हणाली, "मी त्याच्याकडे काय मागू? त्यालाच काहीतरी खायला द्यावंसं वाटतं."

हे तिने म्हटलं आणि मला तुझा प्रश्न पुन्हा आठवला. मी भीत भीत तिला आबांच्या पानाचं सांगितलं. परक्या धर्माच्या घरात जाऊन आपलं सांगायचं, मला भीती होती की तिला आवडणार नाही. ती फक्त म्हणाली, त्यांचीही नावं घेशील का?

मला ठरवता येईना म्हणून आईला फोन लावला. मला वाटलं ती म्हणेल असं चालत नाही. तर ती म्हणाली, "अगं न जेवता गेलेली पोरं ती, त्यांना काय विचारतेस. मूठभर तांदूळ जास्त टाक."

तुला यातलं काही करायलाच हवं असं मी म्हणत नाही, खरंच नाही. सर्वपित्रीच्या दिवशी तुझी प्रॅक्टिस असेल तर जा, मी नंतर विचारणारही नाही. फक्त तुझ्या वहीत त्या तिघांची नावं आहेत ना, ती मला कशी म्हणायची ते एकदा म्हणून दाखव, मला तो मधला घशातला उच्चार जमत नाही आणि चुकीच्या नावाने कोणाला जेवायला बोलवू नये. मी शनिवारी आर्टेशियाला जाणार आहे केळीची पानं आणायला. एक आबांचं, तीन त्यांची, चार आणते. तुझ्या वहीत अजून कोणी राहिलं असेल तर सांग.

आई