कॅलिफोर्नियात ‘दुष्काळ’ पडतो का?

बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या एका वाचकांचा प्रश्न आहे. मुलीने शाळेच्या प्रकल्पात ‘सोमालियातला दुष्काळ’ आणि ‘कॅलिफोर्नियातला दुष्काळ’ असे दोन मथळे दिले. आजोबांनी दुसऱ्यावर काट मारली. ‘अमेरिकेत कोण उपाशी मेलं? कसला दुष्काळ?’ मग लिहायचं काय? शिवाय ‘ओला दुष्काळ’ आपण गुजरातीतल्या ‘लीलो दुकाळ’वरून उचलला का, आणि हिंदी वाहिन्यांसारखं ‘सुका पडला’ म्हटलेलं चालेल का?

आजोबांचा कान पक्का आहे. दुष्काळ म्हणजे वाईट काळ. या शब्दात पाऊस कुठेच नाही. ‘दुष्काळात तेरावा महिना’ ही म्हणच बघा. अधिक महिना आला म्हणून पाऊस कमी पडत नाही. आहे त्याच धान्यावर आणखी तीस दिवस काढायचे असतात, वर जावयाचं वाण असतंच. गुजराती शेजारीही ‘दुकाळमां अधिक मास’ म्हणतात ते याच अर्थाने. ‘ओला दुष्काळ’ आणि ‘लीलो दुकाळ’ शक्य होतात तेही त्यामुळेच. दुष्काळाचा अर्थ ‘पाऊस नसणं’ एवढाच असता, तर ओला दुष्काळ हा वदतोव्याघात झाला असता. अतिवृष्टीने उभं पीक कुजलं तरी घरात दाणा येत नाही तो नाहीच. दोन्ही भाषांकडे मूळ शब्द एकच, संस्कृतातला ‘दुष्काल’. गावाकडची मराठी तर सरळ ‘दुकाळ’च म्हणते. तेव्हा उचलाउचलीचा संशय घेण्याचं कारण नाही.

पाऊस न पडण्याला आपल्याकडे वेगळा शब्द आहे: अवर्षण. (‘अनावृष्टी’ही आहे, पण तो पोथीतच शोभतो.) इंग्रजीत ड्राउट (पाऊस नसणं) आणि फॅमिन (अन्न नसणं) वेगळे ठेवतात, आपली वर्तमानपत्रं दोन्हींवर ‘दुष्काळ’ लावून मोकळी होतात. घोटाळा होतो तो इथे.

कॅलिफोर्नियात 2012 ते 2016 या काळात पाऊस घटला, सिएरा नेवाडा डोंगरांवर बर्फ कमी साठलं, शेतं पडीक राहिली. भूजलाचा इतका उपसा झाला की काही भागांत जमीन खचली. दुकानांत मात्र भाजीपाला होता. हे अवर्षण. सोमालियात 2010-11मध्ये लागोपाठ दोन पावसाळे हुकले, पण शिवाय यादवी होती, अन्नाचे भाव भडकलेले होते आणि मदत पोचू दिली जात नव्हती. संयुक्त राष्ट्रांनी 2011मध्ये तिथे फॅमिन जाहीर केला, त्यालाही मोजमाप आहे: पाचातल्या एका घरात अन्नाची पराकोटीची टंचाई, 30 टक्क्यांहून जास्त मुलं तीव्र कुपोषित, आणि दर दहा हजारांमागे रोज दोन मृत्यू. हा आजोबांचा दुष्काळ. उलट उदाहरण 1943च्या बंगालचं. तिथे लाखो माणसं मेली, पण मुख्य कारण अवर्षण नव्हतं. युद्ध, महागाई, साठेबाजी आणि सरकारची धोरणं होती.

बडोद्यात हे सगळं फार लांबचं नाही. इथल्या जुन्या घरांतून अजून ‘छप्पनियो’ निघतो, म्हणजे विक्रम संवत 1956, इसवी सन 1899-1900. पाऊस गेला, चारा गेला, गुरं गेली, मग पटकी आली. 1891च्या खानेसुमारीत बडोदे संस्थानात 24 लाखांवर माणसं होती, 1901मध्ये साडेएकोणीस लाख उरली. त्या वर्षी पाऊस का गेला? पॅसिफिकचं पाणी तापलं होतं, म्हणजे एल निनो. पुढे 1904 साली हवामान खात्याचे प्रमुख झालेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी मान्सूनचं भाकीत करण्यासाठी जगभरची आकडेवारी धुंडाळली आणि त्यांना पॅसिफिक व हिंदी महासागरांवरच्या हवेच्या दाबाचा झोका सापडला: एकीकडे दाब चढला की दुसरीकडे उतरतो. एल निनो याच झोक्याशी जोडलेला आहे. 1877च्या एल निनोत दख्खन आणि ब्राझीलचा ईशान्य भाग एकाच वेळी होरपळले होते, ते उगीच नव्हे.

सरकारांना हा शब्द पूर्वीपासून टोचतो. महाराष्ट्राने 1963 साली चक्क कायदा करून राज्याच्या कायद्यांतून ‘फॅमिन’ हा शब्द काढून टाकला आणि तिथे ‘टंचाई’ आणली. मग 1972 उजाडलं, आणि लोक ‘बहात्तरचा दुष्काळ’च म्हणाले, ‘बहात्तरची टंचाई’ कुणाच्या तोंडी बसली नाही. हवामान खात्यानेही 2016पासून देशव्यापी तुटीच्या वर्षाला ड्राउट म्हणणं सोडलं, ते आता ‘तुटीचं वर्ष’ म्हणतात. माझ्या मते खात्याचं बरोबर आहे, कारण त्यांचं काम पाऊस मोजणं. 1963च्या कायद्याबद्दल मात्र तसं म्हणवत नाही.

तर प्रकल्पात ‘कॅलिफोर्नियातलं अवर्षण’ आणि ‘सोमालियातला दुष्काळ’ असं लिहावं. चिलीतल्या अटाकामा वाळवंटाला दोन्ही शब्द नकोत, तो मुळातच कोरडा प्रदेश आहे. आणि अरल समुद्र मुलीच्या यादीत असेल तर वेगळा काढावा: कापसासाठी नद्या वळवल्या म्हणून तो आटला.

राहिला ‘सुका’. ‘सुका दुष्काळ’ चालतो, ‘कोरडा दुष्काळ’ जास्त चांगला. पण नुसतं ‘यंदा सुका पडला’ म्हटलंत, तर मराठी माणूस विचारेल, सुका काय, जवळा की बोंबील?