पुणे जिल्ह्यात पाहिलेल्या पक्ष्यांची यादी सुरू करतोयस तर

दुर्बीण आठ बाय बेचाळीसची (आठपट मोठं दाखवणारी, बेचाळीस मिलिमीटर भिंगाची) आहे ना? मग पुरे. कॅमेऱ्याच्या लेन्सवर एवढ्यात पैसे घालवू नकोस.

सुरुवात कवडी पाटापासून कर, पुण्याजवळचा नदीवरचा बंधारा तो. हिवाळ्यात सकाळी सातला बंधाऱ्यावर पोचलास तर चक्रवाक, शेकाटे, धोबी एका जागी उभं राहून दिसतात. नदीचा वास तेवढा सोसायचा. सँडपायपर, म्हणजे चिखलात चरणारे छोटे पाणपक्षी, तिथेच ओळखायला शिकून घे. ग्रीन आणि वूड हे त्यातले दोन प्रकार बसलेले असले की माझीही अजून गल्लत होते. घाई न करता थांब, उडू दे. पंखांची खालची बाजू काळपट दिसली तर ग्रीन, फिकट दिसली तर वूड. उडालाच नाही तर नुसतं ‘सँडपायपर’ लिही. अंदाजपंचे नाव टाकलेलं मला अजिबात चालत नाही.

ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदी ठेवायच्या वेबसाइटवर, यादी पूर्ण भर. ओळखता आलेला प्रत्येक पक्षी, आकड्यासकट. कावळे, कबुतरं, साळुंक्यासुद्धा. नुसते रोहित (फ्लेमिंगो) टाकून बाकीचे गाळलेस तर त्या दिवशी तिथे काय नव्हतं, हे कुणाला कसं कळणार?

भिगवणला मात्र जपून. पुणे-सोलापूरची हद्द उजनी धरणाच्या पाण्यातूनच जाते. होडी पलीकडे निघाली की चालू यादी बंद कर, नवी उघड. पहिल्या वर्षी यादीची नकाशावरची पिन माझ्याकडून पलीकडच्या, सोलापूरच्या काठावर पडली, आणि पुण्याच्या यादीत रोहित का दिसेनात म्हणून मी दोन दिवस डोकं खाजवत बसलो होतो.