घाटात गाडीचा दम का जातो?

प्रश्न : नमस्कार. माझी २०१४ ची डिझेल सेडान आहे, १३०० सीसी, १ लाख ४० हजार किमी झालेत. सपाटीला मस्त पळते, पण कुंभार्ली घाटात पोफळी सोडून चढ लागला की काही वळणांनंतर अचानक पॉवर जाते, एक्सलेटर पूर्ण दाबला तरी २५०० आरपीएमच्या वर जातच नाही, पिवळा इंजिन लाइट लागतो आणि सेकंड गिअरमध्ये रडतखडत माथा गाठावा लागतो. बाजूला थांबून गाडी बंद करून परत चालू केली की थोडा वेळ ठीक. एअर फिल्टर, डिझेल फिल्टर दोन्ही बदलून झाले. गॅरेजवाले म्हणतात टर्बो गेलाय, नवीन टाकावा लागेल. टाकू का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : थांबा, एवढ्यात टर्बोला, म्हणजे इंजिनात जास्तीची हवा दाबून भरणाऱ्या पंख्याला, हात लावू देऊ नका. तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे बंद करून चालू केली की गाडी ठीक होते. टर्बोचा शाफ्ट ढिला झाला असता किंवा पंखा घासला असता तर चावी फिरवल्याने तो बरा झाला नसता ना. तुमच्याकडे होतंय असं की ईसीयूला, म्हणजे इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरला, एखादं रीडिंग हवं तसं मिळत नाही, मग इंजिन वाचवायला तो स्वतःच ताकद कमी करून टाकतो, याला लिंप मोड म्हणतात, आणि बऱ्याच गाड्यांमध्ये इग्निशन बंद केलं की तो सुटतो, पुढच्या चढाला परत तेच.

घाटातच का, तर सपाटीला साठच्या स्पीडने जाताना इंजिनला निम्मीही ताकद लावावी लागत नाही. चढावर हवा पण जास्त लागते, डिझेलचं प्रेशर पण जास्त लागतं, आणि तिथे बारीकशी गळती लगेच उघडी पडते. म्हणून गॅरेजमध्ये उभ्या गाडीला रेस देऊन निदान करणं मला अजिबात पटत नाही, उभ्या गाडीत टर्बो जेमतेम प्रेशर बनवतो, त्यात दिसणार काय? आणि तेवढ्या अंदाजावर लोकांना हजारो रुपयांचा टर्बो घ्यायला लावतात, हे चूक आहे.

आधी स्कॅनर लावून ईसीयूत नोंदलेला बिघाडाचा कोड काढा आणि तो कागदावर लिहून घ्या, नुसता डिलीट करू देऊ नका. पी०२९९ आला तर टर्बोचं प्रेशर कमी पडतंय, पी०२३४ म्हणजे प्रेशर जास्त होतंय, पी००८७ म्हणजे डिझेल रेलचं, इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या पाइपचं, प्रेशर कमी. तीनही वेळा चालवणाऱ्याला एकच जाणवतं, गाडी ओढत नाही, पण दुरुस्ती पूर्ण वेगळी.

पी०२९९ असेल तर माझा पहिला संशय टर्बोपासून इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी) आणि तिथून इंजिनपर्यंत जाणाऱ्या रबरी होजवर. एवढ्या वर्षांत रबर कडक होतं आणि चीर जाते ती बहुतेकदा खालच्या बाजूला, क्लिपच्या अगदी कडेला, वरून बघितलं तर होज ठणठणीत दिसतो. टॉर्च घेऊन खालून बघा, होज हाताने दाबून थोडा वाकवा, जिथे तेलकट धूळ चिकटून काळा चिखल झालाय तिथे बोट फिरवा. टर्बोच्या पाइपात थोडं तेल असतंच, ते चिरेतून बाहेर येतं. बंद इंजिनला थोडी हवा भरून साबणाचं पाणी मारलं की बुडबुडे येतात, पंक्चरवाला ट्यूब तपासतो तसंच. होजच दोषी निघाला तर खर्च टर्बोच्या मानाने किरकोळ. होज ठीक असेल तर व्हॅक्यूमचे बारीक पाइप, मॅप सेन्सर (हवेचं प्रेशर मोजणारा), इजीआरमधला (थोडा धूर परत इंजिनात सोडणाऱ्या व्हॉल्व्हमधला) कार्बन, हे बघून मगच टर्बो. पी०२३४ असेल आणि गाडीत व्हीजीटी, म्हणजे हलत्या पात्यांचा टर्बो असेल तर आतल्या पात्या काजळीने अडकल्यात का ते बघा, बऱ्याचदा साफ करून काम होतं.

पी००८७ आला तर फिल्टर नवीन असला तरी त्याच्या हाउसिंगचं सील हवा ओढतंय का, टाकीतली जाळी चोंदलीय का ते तपासा. मग इंजेक्टरची रिटर्न टेस्ट, चारही इंजेक्टरच्या रिटर्नला (उरलेलं डिझेल परत नेणाऱ्या नळीला) एकेक बाटली लावायची, जी बाटली बाकीच्यांच्या पुढे भराभर भरते तो इंजेक्टर दोषी.

मेकॅनिकला शेजारी बसवून घाटात न्या आणि स्कॅनरवर लाइव्ह डेटा बघायला सांगा, टर्बोचं आणि डिझेलचं, दोन्हींचं ईसीयूने मागितलेलं प्रेशर किती आणि मिळालेलं किती. पॉवर जाते त्या क्षणाला यातला कुठला आकडा आधी मागे पडतो ते दिसलं की भांडण मिटलं. मागच्या गाडीतल्या कुणाला धूर बघायला सांगा, काळा असेल तर हवा कमी पडतेय.

लाइट न लागता आरपीएम वाढतोय पण स्पीड वाढत नाही आणि जळका वास येतो, असं कुणाचं होत असेल तर तो क्लच स्लिप होतोय, इंजिन उघडू नका.

प्रश्न : माझी सीएनजी हॅचबॅक पसरणी घाटात झटके देते, लाइट ब्लिंक होतो. पेट्रोलवर बरी चालते. (एक वाचक, वाई)

उत्तर : ब्लिंक होणारा इंजिन लाइट म्हणजे मिसफायर, सिलिंडरमध्ये इंधन नीट पेटत नाही, तसंच रेटू नका, न जळलेलं इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये (सायलेन्सरच्या वाटेवर धूर साफ करणाऱ्या भागात) जातं, त्याने कन्व्हर्टर जळतो आणि ते प्रकरण महाग पडतं. सीएनजी पेटवायला स्पार्क जास्त जोरकस लागतो, त्यामुळे पेट्रोलवर चालून जाणारे जुने प्लग सीएनजीवर चढाला उघडे पडतात. आधी प्लग बदला, गॅप कंपनीने दिलेला ठेवा, मग प्लगला करंट देणारे कॉइल आपसात अदलाबदल करा, मिसफायर कॉइलबरोबर दुसऱ्या सिलिंडरला गेला तर कॉइल खराब. तरी नाही गेलं तर सीएनजीचा फिल्टर आणि रेग्युलेटर दाखवा. झटके गेल्यावरही गॅसवर ओढ थोडी कमीच राहणार, गॅस इंजिनमध्ये हवेची जागा खातो, शिवाय बिनटर्बोची गाडी हजार मीटर चढली की पातळ हवेमुळे साधारण १० टक्के ताकद गमावते. पाचगणीला जाताना गाडी भरलेली असेल तर घाट सरळ पेट्रोलवर चढा.