लॉस एंजेलिस संघाविना का राहिले?

प्रश्न : दूरचित्रवाणीच्या करारांवर चालणाऱ्या अमेरिकन फुटबॉलमध्ये १९९५ ते २०१५ या काळात लॉस एंजेलिससारख्या महानगराचा एकही संघ का नव्हता?

उत्तर : याचे मूळ १९६१च्या कायद्यात आहे. त्याने एनएफएलला, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगला, सर्व संघांचे प्रक्षेपण हक्क एकत्र विकण्याची मुभा दिली आणि राष्ट्रीय करारांचे उत्पन्न संघांत समान वाटले जाऊ लागले. म्हणूनच जेमतेम लाखभर वस्तीच्या ग्रीन बे शहरातील संघाला न्यूयॉर्कच्या संघाइतकाच वाटा मिळतो, आणि ही व्यवस्था मला मनापासून न्याय्य वाटते. मात्र स्टेडियममधील आलिशान कक्षांची कमाई तशी वाटली जात नाही. प्रक्षेपणाचा वाटा कुठेही गेले तरी तेवढाच, पण कक्षांची कमाई स्वतःकडेच राहते; त्यामुळे १९९५मध्ये लॉस एंजेलिसचा रॅम्स संघ मोठी बाजारपेठ सोडून नव्या स्टेडियमसाठी सेंट लुईसला गेला, तो २०१६मध्ये परतला.