आई-वडिलांना घेऊन बेळगावात सिनेमा: बाजारातली टॉकीज की मल्टिप्लेक्स?

तुमचा प्रश्न असा: खानापूरहून रविवारी सत्तरीचे आई-वडील आणि आठ वर्षांची मुलगी यांना घेऊन बेळगावात सिनेमाला यायचंय, आईंचे गुडघे दुखतात. तर बाजारपेठेतली जुनी टॉकीज बरी की मल्टिप्लेक्स, आणि बसायला ठीक आहे का हे आधी कसं ओळखायचं?

आधी पायऱ्या मोजा, खुर्च्यांचं नंतर. मल्टिप्लेक्सला लिफ्ट आहे म्हणून लोक निर्धास्त असतात, पण लिफ्ट तुम्हाला फक्त हॉलच्या दारापर्यंत नेते. बऱ्याच मल्टिप्लेक्समध्ये दार पडद्याच्या बाजूला, म्हणजे खाली उघडतं आणि चांगल्या रांगा वर असतात. प्रत्येक रांगेला एक-दोन पायऱ्या धरल्या तर दहाव्या रांगेपर्यंत पंधरा-वीस पायऱ्या होतात, त्याही अंधारात, बहुतेक ठिकाणी कठड्याशिवाय. इंटरव्हलला बाथरूमला जायचं तर तेवढ्याच उतरायच्या आणि परत चढायच्या. दुखऱ्या गुडघ्याला चढण्यापेक्षा उतरणं जड जातं, हे आईंना विचारलंत तर त्याच सांगतील.

जुन्या टॉकीजचं उलटं असतं. बाल्कनीला लिफ्ट नाही, पंचवीस-तीस पायऱ्या ठरलेल्या, त्यामुळे बाल्कनीचा विचार सोडून द्या. स्टॉलची, म्हणजे बाल्कनीखालच्या तळमजल्याच्या सीटांची, फरशी मात्र पायऱ्यांशिवाय हळूहळू उतरत जाते आणि दार मागच्या बाजूला असतं. आत शिरलं की पाच-सहा पावलांत खुर्ची. बाल्कनी म्हणजे घरंदाज माणसांची आणि स्टॉल म्हणजे शिट्ट्या मारणाऱ्यांचा, हा जुना हिशोब अजून पुष्कळांच्या डोक्यात आहे. रविवारच्या दुपारच्या खेळाला तो लागू होत नाही.

म्हणून माझं मत: तुमच्या घरासाठी बाजारातल्या टॉकीजचा मागचा स्टॉल, वाटेलगतची सीट. मल्टिप्लेक्स घ्यायचंच असेल तर फोन करून एवढंच विचारा, "हॉलचं दार वरून उघडतं की पडद्याजवळ?" वरून असेल तर बेलाशक तिकडे जा.

टॉकीजची नावं मुद्दाम देत नाही. चालवायला घेणारा बदलला की सहा महिन्यांत बाथरूमपासून स्पीकरपर्यंत सगळं बदलतं, आणि जुन्या उत्तरांवर विसंबून गेलेली माणसं वैतागतात. ओळखायचं कसं ते सांगतो.

मागच्या स्टॉलची एक खोड असते. शेवटच्या तीन-चार रांगा बाल्कनीच्या छताखाली येतात. तिथे पडद्याची वरची कड कापली जाते आणि आवाज दबका येतो. तिकीट काढताना या रांगा सोडून पुढची रांग मागा. आत गेल्यावर खात्री अशी करायची: खुर्चीत नेहमीसारखं टेकून बसा आणि मान न उचलता पडद्याची वरची कड पूर्ण दिसते का बघा. दिसत नसेल तर दोन रांगा पुढे सरका, हॉल भरायच्या आत डोअरकीपर सहसा ऐकतो. फार पुढेही जाऊ नका. हॉलच्या लांबीचे तीन भाग केले तर पडद्यापासून दोन भाग जिथे संपतात, ती जागा चित्राला आणि आवाजाला सर्वांत बरी. आवाजाचं सेटिंगही साधारण त्याच जागेवर बसून केलेलं असतं.

सबटायटल्स वाचायची असतील तर गणित बदलतं. स्टॉलचा उतार कमी असल्यामुळे पुढच्या माणसाचं डोकं नेमकं पडद्याच्या खालच्या पट्टीवर येतं. अक्षरं तिथेच असतात. वडिलांना कन्नड किंवा तेलुगू सिनेमा सबटायटल्सवर बघायचा असेल तर मधल्या वाटेलगतची सीट घ्या, समोर मोकळी वाट असते. ती सीट पाय लांब करायला आणि बाथरूमला जायलाही सोयीची. आवाजासाठी भिंतीलगतच्या सीटपेक्षा मधली वाट चांगली, कारण भिंतीवरचे स्पीकर कडेच्या माणसाच्या एकाच कानात ओरडतात.

खुर्ची बघायला अर्धा मिनिट पुरतो. टेकून बसल्यावर गुडघा आणि पुढच्या खुर्चीची पाठ यांत चार बोटं तरी जागा राहायला हवी. नाहीतर कोणी आत-बाहेर करताना दरवेळी उभं राहावं लागेल आणि आईंना तेच अवघड. मग सीट हाताने दाबून बघा. फोम बसलेला असेल तर खालची फळी लागते, तीन तासांत कंबर धरते. एक उशी किंवा घडी केलेली शाल बरोबर असू द्या. हात टेकायचा दांडा हलवून बघा. वयस्कर माणूस त्याच्यावर भार देऊन उठतं, आणि तो बोल्ट सैल असेल तर तोल जातो. एवढं बघून मगच त्यांना बसवा.

चित्र अंधुक दिसणं ही जुन्या टॉकीजची नेहमीची तक्रार. कारण बहुतेक वेळा प्रोजेक्टरच्या दिव्यात असतं. झेनॉन दिवा साधारण हजार-दोन हजार तासांत उतरतो, महाग असतो, म्हणून मालक तो शेवटपर्यंत ओढतात. जाहिरात चालू असताना पांढरा शर्ट किंवा ढग दिसला की बघा: पांढरा पिवळट-करडा वाटला तर दिवा संपत आलाय. मधोमध झगझगीत आणि कडा काळपट असतील तर पडदा चंदेरी, म्हणजे थ्रीडीसाठी बसवलेला आहे. अशा पडद्यासमोर मधल्या सीटच घ्याव्यात. थ्रीडी खेळ मात्र वडीलधाऱ्यांसाठी टाळा. चष्म्यावर चष्मा तर बसतोच, वर त्यात उजेड निम्म्याहून कमी होतो.

आवाजाचं म्हणाल तर संगीत धडाधड आणि संवाद पुटपुटल्यासारखे, अशी गत असते तेव्हा पडद्यामागचा मधला स्पीकर कमजोर असतो. संवाद तिथूनच येतात. त्यावर तुमच्या हातात काही नाही, इंटरव्हलला मॅनेजरला सांगा, कधीकधी लेव्हल वाढवून देतात. रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो, भरलेल्या हॉलमध्ये माणसं आणि कपडे तो शोषून घेतात. त्यामुळे त्याच टॉकीजमध्ये मंगळवारी न कळलेले संवाद रविवारी नीट कळतात.

खेळ कुठला? तुमच्यासाठी दुपारचा, बारा ते तीनच्या आसपास सुरू होणारा. संध्याकाळच्या आत बाहेर पडता, बस मिळते आणि अंधारात बाजारातून चालावं लागत नाही. तोटा एकच, एसी. तो दिवसाच्या पहिल्या खेळाला पडदा सुरू व्हायच्या वेळीच चालू करतात, हॉल गार व्हायला अर्धा तास जातो. आणि प्रेक्षक कमी असतील तर इंटरव्हलनंतर बंदही करतात, बिल वाचवायला. बेळगाव साडेसातशे मीटर उंचीवर आहे, एप्रिल-मे सोडले तर हे फारसं जाणवत नाही. पावसाळ्यात उलट त्रास: ओल्या गाद्यांचा कुबट वास, आणि छत पत्र्याचं असेल तर जोराच्या सरीत संवाद बुडतात. जुलै-ऑगस्टमध्ये यायचं असेल तर छताचं आधी विचारा, या एका बाबतीत मल्टिप्लेक्स बिनतोड.

हेस्कॉमची (इथल्या सरकारी वीज कंपनीची) लाइन गेली तर जनरेटर मिनिटभरात उचलतो, पण सिनेमा लगेच येत नाही. प्रोजेक्टर आणि सर्व्हर पुन्हा सुरू व्हायला पाच-दहा मिनिटं लागतात. लोक शिट्ट्या मारतात, त्याने सर्व्हर लवकर सुरू होत नाही. शुक्रवारचा अगदी पहिला खेळ टाळलेला बरा. सिनेमा कुलूपबंद फाइलमध्ये येतो, त्याची किल्लीही फाइलच असते. ती उशिरा आली तर खेळ लांबतो.

आता बाहेरचं, कारण बाजारातल्या टॉकीजचा अर्धा त्रास दाराबाहेर असतो. खडेबाजार, गणपत गल्ली, रामदेव गल्ली, किर्लोस्कर रोड या भागात रविवारी कार घेऊन घुसणं म्हणजे खेळाची पहिली वीस मिनिटं घालवणं. टॉकीजच्या आवारात दुचाक्या लावता येतात, कारला जागा मोजकी, आणि मागे दुसरी लागली की सुटताना अडकता. कार आणलीच तर बापट गल्लीच्या पार्किंगला किंवा कॅम्पच्या बाजूला लावा आणि आई-वडिलांना आधी टॉकीजच्या दारात उतरवा. गाडी तेवढी गल्लीच्या तोंडाला लावू नका, टोइंगवाले रविवारीही असतात.

बसने आलात तर जास्त सुटसुटीत. कर्नाटकातल्या महिलांना शक्ती योजनेत ११ जून २०२३ पासून सरकारी साध्या बसने मोफत प्रवास आहे, आईंचं आणि मुलीचं आधार कार्ड जवळ असू द्या. महाराष्ट्रातल्या चंदगडकडून येणाऱ्या बायकांना मात्र ही सवलत नाही, त्यासाठी कर्नाटकचा पत्ता लागतो. मध्यवर्ती बसस्थानकापासून खडेबाजार तरण्या माणसाला चालत दहा-पंधरा मिनिटं, तुमच्या आईंना रिक्षाच करा. मीटरच्या नादाला लागू नका, बसायच्या आधी भाडं ठरवा, आणि टॉकीजच्या दारापर्यंत असं स्पष्ट बोला. नाहीतर वन-वेचं कारण सांगून कोपऱ्यावर उतरवतात.

काही दिवस सरळ वगळा. अनंत चतुर्दशीची मिरवणूक आणि शिवजयंतीचे चित्ररथ (इथली मोठी शिवजयंती वैशाखातली) दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत चालतात, बाजारातले रस्ते बंद असतात. १ नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सवाची मिरवणूक आणि आपल्या मराठी भाषकांच्या काळ्या दिनाची निषेध फेरी एकाच दिवशी, चन्नम्मा चौकाकडून कुठे जाणं म्हणजे पोलिसांचे बॅरिकेड मोजणं. शनिवारीही बाजाराची गर्दी असते.

तिकिटाचं थोडक्यात. १०० रुपयांपर्यंतच्या तिकिटाला ५ टक्के जीएसटी, त्यावरच्याला १८ टक्के, हे दर २२ सप्टेंबर २०२५ पासूनचे. राज्य सरकारने त्याच महिन्यात कर सोडून २०० रुपयांची कमाल मर्यादा घातली होती, तिला उच्च न्यायालयाने लगेच स्थगिती दिली. तेव्हा "कर्नाटकात दोनशेच्या वर घेऊच शकत नाहीत" असं खिडकीवर भांडायला जाऊ नका. ऑनलाइन काढलंत तर सेवाशुल्क दर तिकिटाला लागतं. समजा ३० रुपये असेल तर चौघांचे १२० आणि वर १८ टक्के कर, म्हणजे १४१ रुपये ६० पैसे. जुन्या टॉकीजमध्ये दुपारच्या खेळाला अर्धा तास आधी खिडकीवर सहज मिळतं. नवा मराठी सिनेमा पहिल्या रविवारी असेल तरच ऑनलाइन काढा, कारण त्याला दिवसाचा एखादाच खेळ मिळतो आणि दुसऱ्या आठवड्यात वेळ बदलते किंवा सिनेमाच जातो.

मुलीसाठी सिनेमाचं सेन्सॉर प्रमाणपत्र बघा. आता यूए मध्ये ७+, १३+, १६+ असे तीन प्रकार आहेत. ते पालकांना सूचना म्हणून असतात, तुमच्याबरोबर तिला सोडतील. 'ए' (फक्त प्रौढांसाठी) असेल तर दारातून परत पाठवतील आणि पैसे परत मिळणार नाहीत.

बाहेरचं खाणं अडवायचा हक्क टॉकीजवाल्याला आहे, सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये तसं म्हटलंय. पण प्यायचं स्वच्छ पाणी फुकट द्यायलाच हवं. वडिलांना मधुमेह असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवा आणि बिस्किटाचा पुडा दारात दाखवून सांगा, बहुतेक डोअरकीपर सोडतात. कुंदा (इथली मिठाई) घ्यायचा असेल तर परतताना घ्या, आधी घेतलात तर दारात ठेवून जावा लागेल.

बाथरूम खेळ सुरू व्हायच्या आधी बघून या. नळाला पाणी, दाराला कडी आणि कमोड, या तीन गोष्टी. जुन्या टॉकीजमध्ये कमोड नसण्याचीच शक्यता जास्त, आणि आईंना खाली बसता येत नसेल तर फक्त या एका कारणाने मल्टिप्लेक्स घ्यावं लागेल. वर दिलेलं मत तेव्हा खुशाल रद्द समजा. म्हणून फोनवर पायऱ्यांच्या आधी हेच विचारा. पाट्या बऱ्याचदा नुसत्या कन्नडमध्ये असतात. तुम्हा खानापूरकरांना सांगायला नको, पण आजरा-चंदगडकडून येणाऱ्यांसाठी: 'महिळेयरु' म्हणजे स्त्रिया, 'पुरुषरु' म्हणजे पुरुष, 'कुडियुव नीरु' म्हणजे प्यायचं पाणी, आणि 'तुर्तु निर्गमन' म्हणजे संकटकाळी बाहेर पडायचं दार. त्या दाराला आतून कुलूप नाही ना आणि समोर सायकली रचलेल्या नाहीत ना, हे बसण्याआधी एकदा बघाच.

सुटताना नावं सुरू झाली की सगळे एकदम उठतात आणि अरुंद दारात ढकलाढकली होते. आई-वडिलांना आणि मुलीला बसून राहू द्या, दिवे लागू द्या, चार-पाच मिनिटांत हॉल मोकळा होतो. तेवढ्यात तुम्ही एकटे पुढे होऊन रिक्षा दारात आणा, कारण तीच रिक्षा गर्दीबरोबर शोधायला गेलात तर भाडं वाढलेलं असतं.